जाड पाठीची सुरी

लोखंड तापून पिवळं झालं की येसूला इकडेतिकडे बघायची सवड नसे. दत्तोबा डाव्या हातातल्या सांडशीने पट्टी ऐरणीवर धरी, उजव्या हातातल्या लहान हातोडीने टक्क करून जागा दाखवी, आणि त्याच जागी येसूचा घण उतरे. ठिणग्या तिच्या मनगटावर, मानेवर, लुगड्यावर उडत. लग्न होऊन या घरात आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात एक ठिणगी तिच्या डोळ्याखाली बसली. सासूने भाजल्या जागी लोणी चोपडलं आणि घण परत हातात दिला.

पेशवाईतलं ते पुणं. सवाई माधवराव अजून पोर होते, राज्य कारभारी चालवत होते, आणि पेठापेठांतून ऐरणी वाजत होत्या. बहुतेक लोहारांकडे फौजेचं काम असे, भाल्यांची पाती नाहीतर घोड्यांचे नाल. नदीकाठच्या पेठेतला दत्तोबा मात्र स्वयंपाकघराचीच हत्यारं करी. विळ्या, सुऱ्या, अडकित्ते आणि खाटकांचे सत्तूर. कुणी कारण विचारलं तर म्हणे, तलवार म्यानात पडून गंजते, विळीला गंजायला वेळ कुठे मिळतो.

त्याची रीत बापाकडून आलेली. अंगाला मऊ लोखंड घ्यायचं, कडेने चिरून त्या फटीत पोलादाची बारीक पट्टी बसवायची, सांधा धरावा म्हणून वर टाकणखार भुरभुरायचा आणि पांढरं होईस्तोवर तापवून दोन्ही एकजीव होईपर्यंत ठोकायचं. नुसत्या पोलादाची सुरी धार धरते, पण फरशीवर पडली की तुटते. नुसत्या लोखंडाची तुटत नाही, पण एक सुरण चिरला की बोथट होते. घडण झाली की पाणी द्यायचं. जास्वंदीइतकं लाल पातं पाण्यात बुडवलं की चर्र होऊन सगळं घर वाफेने भरे. मग ते घासून उजळायचं, मंद निखाऱ्यावर पुन्हा धरायचं, आणि धारेवर गुळाचा रंग उतरला की झटक्यात बाजूला घ्यायचं. निळं पडलं तर पातं वाया गेलं समजायचं. धार लावण्याचं काम शेजारच्या मुनव्वर शिकलगाराचं. म्हातारा कानाने अधू झाला होता, पण सहाणेवर पातं फिरवताना बोटांनीच ऐकतोय असं वाटे. शेवटी दत्तोबा मुठीपाशी छिन्नीने तीन बारीक रेघा मारी. ती त्याची खूण.

दोन मुलं झाली होती, दोन्ही देवीच्या साथीत गेली. त्यानंतर घरात बोलणं कमी झालं आणि ठोकणं वाढलं. तरी संसार वाईट नव्हता. दत्तोबा हात उगारणारा नव्हता, आणि येसूच्या घणाचा घाव कधी चुकत नसे.

त्या वैशाखात दत्तोबा कोळसा आणायला मावळात गेला असताना, भर दुपारी सरू आली.

सरू म्हणजे वरच्या आळीतल्या किराणा व्यापाऱ्याच्या घरची कुणबीण. विकत घेतलेली बाई. मूळची कुठली, आईबाप कोण, हे तिला स्वतःलाही धड ठाऊक नव्हतं. घरची विळी धारेला टाकायला ती अधूनमधून येई, पण कधी टेकत नसे. त्या दिवशी विळी येसूच्या पुढ्यात ठेवून ती भट्टीच्या सावलीला बसली आणि म्हणाली की तिला एक सुरी हवी आहे.

येसूने विचारलं, घरात विळी असताना सुरी कशाला. भाजी, नारळ, कैरी, सगळं विळीवर होतं.

"विळी पायाखाली दाबून बसावं लागतं," सरू म्हणाली. "मला कमरेला राहील असं काही हवं."

येसूने तिच्याकडे नीट पाहिलं. गळ्याच्या बाजूला जुने पिवळे आणि नवे जांभळे डाग होते. खालच्या ओठाला दातांची खूण होती, आणि ती सरूच्या स्वतःच्या दातांची नव्हती. व्यापाऱ्याचा धाकटा भाऊ श्रीधरशेट घरातल्या नोकरमाणसांना कसा वागवतो याची कुजबुज पेठेत होती. पोऱ्यांना तो चाबकाने मारी. बायांचं काय करतो ते कुणी मोठ्याने बोलत नसे.

"काय चिरायचं आहे?" येसूने विचारलं.

सरूने फक्त पदर सावरून घेतला.

येसू उठली. फळीवर तयार सुऱ्या होत्या. सरूने हात घातला तो एका लांब, पातळ, चकचकीत पात्यावर. तसल्या सुऱ्या पानाचे विडे लावणारे नेत. येसूने ती तिच्या हातातून काढून घेतली. हिने सुपारीची साल निघेल, ती म्हणाली, पण हाडाला लागली की वाकेल. मग तिने कोपऱ्यातून एक आखूड सुरी काढली. सागरगोट्यासारखी गुळगुळीत मूठ, जाड पाठ, टोकाकडे निमुळती. दत्तोबाने ती एका खानावळवाल्यासाठी केली होती, तो न्यायला आलाच नव्हता.

"हिची पाठ जाड आहे," येसू म्हणाली. "वाकायची नाही."

सरूने पदरातून खोबऱ्याच्या दोन वाट्या काढून ठेवल्या, सुरी पोटाशी खोचली, धार लावलेली विळी काखोटीला मारली आणि गेली. दत्तोबा मावळातून परतला तेव्हा येसूने खोबऱ्याची चटणी केली होती. सुरीचं काही बोलली नाही. बोलावं असं मनात आलं, पण काय म्हणून बोलायचं ते सुचलं नाही.

आठवडाही गेला नसेल. सकाळी भट्टी पेटवत असतानाच गल्लीत ओरडा झाला. श्रीधरशेट मेला होता. धान्याच्या कोठीत पोत्यांवर उताणा पडलेला, बरगडीखाली मुठीपर्यंत सुरी, आणि पोत्यातला गहू खालपर्यंत रक्ताने भिजलेला. घाव एकच होता, पण असा खोल की पाहणाऱ्यांनी एकमुखाने सांगितलं, हे पुरुषाचं काम. थोरल्या भावाचं आणि त्याचं वाटणीवरून वाजत होतं, त्यामुळे मारेकरी पैसे देऊन घातला असावा अशीच सगळ्यांची समजूत झाली. घरातल्या बायकांकडे कुणी बघितलंही नाही. सरू पहाटेपासून इतर दोघींबरोबर जात्यावर बसली होती.

सुरीवर तीन रेघा होत्या. ऊन वर यायच्या आत पेठेच्या चावडीवरचा जमादार बजरंग दोन शिपायांना घेऊन दारात उभा राहिला.

दत्तोबाने सुरी हातात घेतली आणि लगेच सांगितलं, माझीच आहे. कुणाला विकली ते ठाऊक नाही. त्याचं बोलणं खरं होतं. फळीवरून सुरी कमी झालेली त्याने पाहिली होती, खानावळवाला घेऊन गेला असेल असं धरून चालला होता. पण खानावळवाल्याला आणून विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला. आता जमादाराची खात्री पटली की लोहार कुणाला तरी पाठीशी घालतोय. भट्टीपाशी उभ्या असलेल्या येसूला त्याने काही विचारलं नाही. भाता ओढणाऱ्या बाईला कोण काय विचारणार.

दत्तोबाला दोरखंडाच्या काढण्या लावून नेलं. येसू मागोमाग गेली, मुनव्वरही काठी टेकत आला. चावडीच्या आत जायला बंदी होती, म्हणून दोघं पिंपळाच्या पारावर बसली. आतून आधी कोरड्यांचे फटके ऐकू आले. दत्तोबा गप्प होता. मग मिरचीचा खाट बाहेर आला आणि पारावर बसलेली माणसं खोकायला लागली. तोंडाला तोबरा बांधून आत मिरचीची धुरी दिली की भलाभला बोलता होतो असं शिपाई आपसांत बोलत होते. दत्तोबाचा घुसमटलेला आवाज कानी आला, मग भिंतीवर टाचा आपटल्याचा. तोबरा काढल्यावर तो किती तरी वेळ ओकत राहिला. मग त्याचे शब्द ऐकू आले, तेच ते: माझीच आहे, कुणाला दिली ठाऊक नाही.

जमादार घाम पुसत पायरीवर आला. चावडीच्या भिंतीची सावली तेव्हा पायऱ्यांपाशी होती. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, सावली पारापर्यंत येऊ दे. तोवर आठवलं नाही तर ज्या हाताने सुरी घडवली तो हात राहणार नाही. आणि लोहाराच्या घरून घण आणायला शिपाई पिटाळला.

येसू उठली. मुनव्वरने कुठे चाललीस म्हणून विचारलं तोवर ती पार उतरून गेली होती.

सरू नदीवर भांडी घासत होती. सुतकाचं घर, ढीगभर भांडी, म्हणून तिला एकटीलाच धाडलं होतं. येसू तिच्या शेजारी पाण्यात उकिडवी बसली, एक तांब्या ओढून घासायला घेतला, आणि खालच्या मानेने सगळं सांगितलं. कोरडे, धुरी, आता हात.

सरूचे हात थांबले. ती म्हणाली की तिने त्याला झोपेत मारलं नाही. तो जागा होता, तिचे केस मुठीत होते, आणि त्याने सुरी बघितली तेव्हा तो हसला. हे तिने एकदाच सांगितलं. रडली नाही.

मग तिने पलीकडच्या काठाकडे मान वळवली. खराडीच्या माळावर लमाणांचा तांडा उतरला होता. मिठाचे बैल रिकामे करून धान्य भरून चाललेले. उन्हं कलली की तो नगरच्या वाटेला लागणार होता. त्यातली एक म्हातारी तिला घेऊन जायला तयार होती.

"मला पोचेपर्यंत वेळ दे," सरू म्हणाली. "नौबत होईपर्यंत. मग माझं नाव सांग, काय हवं ते सांग."

येसूने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तांब्या विसळून पालथा घातला आणि ती चावडीकडे निघाली. वाटेत एकदा मागे वळून पाहिलं. भांडी काठावर तशीच होती, सरू नव्हती.

ती पारावर येऊन बसली तेव्हा सावली पायऱ्या उतरून अंगणात आली होती. पेशव्यांच्या वाड्यावरची नौबत सूर्य मावळायच्या सुमाराला झडे. सावली त्याच्या आधी पारापर्यंत पोचणार हे तिला दिसत होतं. एक नाव घेतलं की दत्तोबा सुटणार. एक नाव घेतलं की घोडेस्वार नदी उतरून खराडी गाठणार, आणि सरूला केसांना धरून ओढत आणणार. त्यानंतर तिचं काय करतील हे येसूला कुणी सांगायला नको होतं. एका कुणबिणीचे कापलेले नाक आणि कान तिने पाहिले होते.

सावली पाराच्या दगडाला टेकली.

दत्तोबाला बाहेर आणलं. डोळे सुजून मिटलेले, ओठांवर फोड. उजवा हात पायरीवर पसरून एक शिपाई मनगटावर बसला, दुसऱ्याने मान दाबून धरली. जमादाराने घण उचलून पाहिला आणि म्हणाला की जड आहे, बायको उचलते म्हणतात. त्याने पुन्हा विचारलं.

"ठाऊक नाही," दत्तोबा म्हणाला.

घण पडला. येसूने आयुष्यभर घणाचा आवाज ऐकला होता, पण मऊ वस्तूवर पडलेल्या घणाचा कधी ऐकला नव्हता. दत्तोबाच्या गळ्यातून जे निघालं त्याने पिंपळावरचे कावळे उडाले. मुनव्वर उठला आणि ओरडला की धार मी लावली आहे, मला धरा. शिपायाने त्याला छातीत ढकललं, म्हातारा पारावरून खाली पडला. जमादाराने परत विचारलं. दत्तोबाने मान हलवली. दुसरा घाव पडला.

येसूने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. पुढे कितीदा तरी ती त्या घटकेकडे मनाने परत गेली, आणि आपण का उठलो नाही हे तिला स्वतःला कधी धड सांगता आलं नाही. सरूला तिने वचन दिलं नव्हतं. नवऱ्यावर तिचा जीव होता. पण ती सुरी तिने निवडून दिली होती, पाठ बघून, हाडाचा विचार करून. ती कोठी, ते केस धरलेली मूठ, हे सगळं त्या सुरीबरोबर तिच्या हातून गेलं होतं. आणि एकदा गेल्यावर ती अर्ध्यातून हात काढून घेऊ शकत नव्हती. एवढंच.

तिसऱ्यांदा घण वर गेला आणि वाड्याकडून नौबतीचा पहिला ठोका आला.

येसू उठून चालत पायरीपाशी गेली. "सुरी मी विकली," ती म्हणाली. "किराणेवाल्यांच्या सरूला."

जमादाराने घण खाली ठेवला. त्याच्या कपाळावर शीर उभी राहिली होती.

"सकाळपासून इथे बसली आहेस. आत्ता सांगतेस?"

"मला कुणी विचारलंच नाही," येसू म्हणाली.

पहिली थप्पड जमादाराची होती. मग कोरडा. पाठीवरचं लुगडं फाटलं, कातडी फाटली, ती गुडघ्यावर आली तरी विचारतील त्याचं उत्तर देत राहिली. सरू मूळची कुठली, काही बोलली का? वाईकडची म्हणाली होती, येसूने सांगितलं. मामा आहे तिचा तिकडे. स्वार दौडले ते कात्रजच्या घाटाकडे. दोन दिवसांनी रिकाम्या हाताने परतले. तोवर लमाणांचे बैल भीमेपर्यंत पोचले असतील.

दत्तोबाला मुनव्वरने आणि गल्लीतल्या दोघांनी खाटेवर घालून घरी आणलं. अंगठा तेवढा शाबूत होता. बाकी हात म्हणजे पिशवीत भरलेले खडे. हाडवैद्याने खपच्या बांधल्या, हळदीचा लेप दिला, आणि जाताना येसूला बाजूला घेऊन सांगितलं की मधली दोन बोटं काळी पडली तर वाट बघू नकोस. ती काळी पडली. घरात सडका वास सुटला, दत्तोबा तापात बरळू लागला. वैद्याला निरोप धाडला तर तो आलाच नाही. चावडीवर मार खाल्लेल्या माणसाच्या घरी येऊन कोण नसती बला ओढवून घेणार.

मग येसूने फळीवरची हत्यारं खाली काढली. विळीचं पातं उभं, हात त्यावर दाबावा लागला असता. सुरीने दोनदा, तीनदा ओढावं लागलं असतं. तिने खाटकाचा नवा सत्तूर घेतला, कारण त्यात वजनच काम करतं, हाताला फक्त जागा धरायची असते. मुनव्वरने त्याला सहाणेवर अशी धार दिली की पात्यावर बोट ठेवायची भीती वाटावी. दोन खाटीक बोलावून त्यांनी दत्तोबाला धरायचं ठरलं होतं, पण दत्तोबा शुद्धीवर आला आणि म्हणाला, कुणी नको. ऐरणीवर लाकडी ठोकळा ठेवला. त्याने स्वतः हात त्यावर पसरला आणि डाव्या हाताने जागा दाखवली, नेहमी दाखवायचा तशी.

येसूचा घाव चुकला नाही. दोन्ही बोटं एका फटक्यात गेली. लालभडक सळई घेऊन मुनव्वर तयार होता. मांस जळाल्याचा वास पावसाळा लागेपर्यंत त्या घरातून गेला नाही.

ताप उतरल्यावर दत्तोबाने विचारलं. भिंतीला टेकून बसला होता, येसू पेज भरवत होती.

"तुला सकाळीच ठाऊक होतं?"

येसूने वाटी खाली ठेवली आणि काही न लपवता सांगितलं. सरूची दुपार, खोबरं, नदी, नौबत. मधल्या सावलीचंही. दत्तोबाने ऐकून घेतलं. पेज तिच्या हातून घेतली नाही. डाव्या हाताने वाटी उचलून स्वतः प्यायला, निम्मी अंगावर सांडली.

त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. त्याच सुमाराला व्यापाऱ्याची माणसं येऊन गेली. त्यांनी कुऱ्हाडीने भाता फाडला, भट्टीवर पाणी ओतलं, फळ्या ओढून काढल्या. एकाने ऐरण उलथायचा प्रयत्न केला, तेव्हा येसू घण घेऊन त्याच्या समोर उभी राहिली. पाठीवरच्या जखमा अजून ओल्या होत्या. त्या माणसाने तिच्याकडे बघितलं, घणाकडे बघितलं, आणि ऐरण जागेवर सोडून निघून गेला.

खायला हवं होतं. मुनव्वरने कुठूनसं बैलाचं कातडं आणून भात्याला शिवलं. येसूने डाव्या हातात सांडशी घेतली, उजव्यात हातोडी, आणि पहिल्यांदा एकटीने पट्टी चिरली. पोलाद फटीत बसेना. बसलं तर सांधेना. सांधलं तर पाणी देताना पातं पिळवटून वाकडं झालं. दत्तोबा भात्यापाशी बसे, डाव्या हाताने ओढी, आणि बघत राही. त्याला सगळं दिसत होतं, कुठे चुकतंय ते. तोंडातून शब्द काढत नव्हता.

एक दिवस ती सलग तिसरं पातं नासवत होती. टाकणखार उशिरा टाकला, लोखंड काळं पडू लागलं तरी ठोकत राहिली. दत्तोबाने एकाएकी उठून तिच्या हातातली सांडशी हिसकावली आणि लाल पट्टीसकट तिच्या अंगावर फेकली. पट्टी तिच्या कोपराखाली लागली, कातडीला चिकटली आणि मग खाली पडली. येसू ओरडली नाही. खाली वाकली, सांडशीने पट्टी उचलली, अजून रंग आहे हे पाहिलं आणि ऐरणीवर ठेवली.

दत्तोबा तिच्या हाताकडे बघत उभा राहिला. फोड त्याच्या डोळ्यांदेखत वर येत होता. मग तो खाली बसला.

"थंड झाली ती," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "परत तापव. टाकणखार आत्ता टाक, पिवळी व्हायच्या आधी."

कित्येक महिन्यांनंतरचं त्याचं पहिलं बोलणं ते. येसूने पट्टी भट्टीत सारली. त्याने भाता ओढला, रंग बघितला, आता म्हणाला तेव्हा तिने काढली, आणि त्याने पायाने जमिनीवर ताल दिला तसे घाव घातले. ती सुरी सांधली. संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने तिच्या कोपराला लोणी लावलं. त्याला ते उरलेल्या तीन बोटांच्या हाताने जमत नव्हतं, लोणी सगळीकडे लागलं, पण तिने हात मागे घेतला नाही. माफी कुणी मागितली नाही. येसूला वाटलं, मागायची ठरवली तर कुणी कुणाची मागायची हेच आधी ठरवावं लागेल.

बाईने घडवलेली सुरी कोण घेणार, असं पेठेत पहिलं वर्षभर बोलत. पण बोलणाऱ्यांच्या बायका मागच्या दाराने येत. येसू गिऱ्हाइकाला आधी विचारी, काय चिरणार, कोण चिरणार, बसून की उभ्याने. म्हाताऱ्या सासूला रुंद पाटाची विळी देई, म्हणजे पाट डगमगत नाही. श्राद्धपक्षाच्या आचाऱ्याला लांब पात्याची. खाटकांसाठी सत्तूर करताना ती वजन हातावर तोलून बघे आणि कुणाशी बोलत नसे. आखूड, जाड पाठीच्या सुऱ्या मात्र ती फळीवर ठेवत नसे. कुणी मागितली तर आधी त्या बाईला बसवून पाणी देई. कधी सुरी देई, कधी देत नसे, आणि दिली तर दत्तोबाला त्याच दिवशी सांगे.

मुनव्वर गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात लमाणांचा तांडा पुन्हा माळावर उतरला. एक तरणी लमाणीण कोयते घ्यायला आली. हातभर हस्तिदंती चुडा, घागऱ्याला आरसे. कोयते बघून झाल्यावर तिने विचारलं, येसू लोहारीण तूच का? तांड्यात एक पुण्याची बाई होती, तांड्याच्या नायकाच्या म्हाताऱ्या बायकोने लेकीसारखी ठेवलेली. तिने सांगून पाठवलं होतं की मी जिवंत आहे. तिला आता एक पोरगी होती. पुण्याच्या जवळ यायचं म्हटलं की ती दोन मुक्काम मागेच थांबे.

दत्तोबा भात्यापाशी बसला होता. त्याने भाता थांबवला.

"तांड्यात काय करते ती?" त्याने विचारलं.

"रांधते. सगळ्यांचं."

"बरं रांधते का?"

लमाणीण हसली. "मीठ फार घालते."

"एवढे मिठाचे बैल हाकता," दत्तोबा म्हणाला, "घालणारच."

त्याने आपला उजवा हात मांडीवर उलटा करून बघितला, बराच वेळ. मग डाव्या हाताने भात्याची दांडी धरली आणि येसूला म्हणाला की हिचे कोयते बांधून दे, आणि भट्टीत टाकलेल्या पट्टीकडे लक्ष ठेव, रंग चढतोय.